रंगाला धक्का न लावता

विजेच्या बाबतीत मला कुणी शहाणपण शिकवायला येऊ नये, हे आधीच सांगून ठेवतो. एकतीस वर्षं मी वायरमन होतो. बर्फाच्या वादळात, खांबावर चढून, हातमोजे गोठलेले असताना मी अख्ख्या काउंटीचे दिवे लावलेत. सात हजार व्होल्ट कानाशी गुणगुणत असायचे आणि मी वर बसून डब्यातलं सँडविच खायचो. त्यामुळे मोटारीतले बारा व्होल्ट म्हणजे माझ्या लेखी वीजच नव्हे, ते आपलं विजेचं रांगणारं पोर. त्या पोराने मला सगळ्या हॉफर्ड गावासमोर तोंडावर कसं पाडलं, त्याची ही हकीकत.

माझ्याकडे चौसष्ट सालची गाडी आहे. लांबलचक, दोन दारांची, टप उघडणारी आणि निळी. नुसती निळी नव्हे. निळ्याचे सहा हात आणि वर लकाकीचे दोन! रंगाऱ्याला मी बजावलं होतं, दिसणारा पत्रा सगळेच रंगवतात, तू न दिसणाराही रंगव. त्याने ते फारच मनावर घेतलं. बॉनेट उघडलं की इंजिनामागच्या पत्र्यात तोंड स्वच्छ दिसतं. एकदा मी तिथे बघून दाढीही केली होती.

गाडीत उणीव एकच होती. ती थांबत नसे.

जरा समजावून सांगतो, म्हणजे पुढे अडायला नको. जुन्या गाडीत ब्रेक दाबताना आपल्या पायाला जो जादा जोर मिळतो, तो इंजिनामुळे. इंजिन हवा ओढतं आणि त्या ओढीवर ब्रेकचा बूस्टर चालतो. मी हौसेने गाडीत दणदणीत इंजिन बसवलं. सुरू केलं की स्वयंपाकघरातल्या बश्या नाचायच्या. पण आवाज नुसताच मोठा, ओढ काहीच नाही. बूस्टर उपाशी आणि ब्रेक लुळे.

हे मला कळलं आमच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवशी. मार्लिस, म्हणजे माझी बायको, नवे बूट घालून शेजारी बसली होती. तळ्याकाठच्या हॉटेलात मासे खायला निघालो होतो. मेन स्ट्रीटच्या उतारावर मी ब्रेक दाबला, गाडीने तो मनावर घेतला नाही, आणि बोटी पाण्यात सोडायच्या उतरंडीवरून आम्ही सरळ तळ्यात शिरलो. निम्मी चाकं बुडाली. मार्लिस रागावली नाही, ओरडली नाही. तिने बूट काढून हातात घेतले, दार उघडलं आणि पाण्यातून चालत काठावर गेली. तिथून वळून म्हणाली, "मी चालत येते, वेंडल. हवा छान आहे."

त्यानंतर तीन वर्षं तिने निळ्या गाडीत पाऊल टाकलं नाही. पिकअपमध्ये बसायची, निळीत नाही. एकदा धो धो पाऊस पडत होता, ती चर्चमधून पायी निघाली होती. मी टप चढवून गाडी तिच्या बाजूने हळूहळू नेत म्हटलं, "अगं, बस ना." ती डोक्यावर केकचा डबा धरून म्हणाली, "नको रे. तेवढेच पाय मोकळे होतात."

अकरा वर्षं खपून मी ती गाडी उभी केली, ती काय एकट्याने फिरवायला? शेजारची सीट रिकामी घेऊन गावातून जाताना मला माझीच लाज वाटायची. लोक हात करायचे, मीही करायचो आणि पुढच्या चौकात उगाच सीट झटकत बसायचो.

त्यातच मार्च महिन्यात पत्र आलं. ऑगस्टमधल्या मक्याच्या उत्सवात मिरवणुकीची मानकरी म्हणून या वर्षी मार्लिसची निवड झाली होती. शाळेच्या स्वयंपाकघरात चौतीस वर्षं राबली होती ती. गावातल्या निम्म्या लोकांना तिने दुपारचं जेवण वाढलं होतं आणि उरलेल्या निम्म्यांना भाजी टाकली म्हणून दटावलं होतं. मानकऱ्याला उघड्या गाडीत मागे उंचावर बसवून मिरवतात आणि गेली एकोणीस वर्षं ती गाडी असायची डेल्मरची. डेल्मर माझा मित्र. त्याची गाडी तपकिरी आहे. तिच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच.

त्या शनिवारी डेल्मर आमच्याकडे कॉफीला आला. "मार्लिस, माझी गाडी आहेच," तो म्हणाला. "अर्थात, वेंडलची हरकत नसेल तर."

"डेल्मरच्या गाडीचं दार चांगलं रुंद आहे," मार्लिस म्हणाली. म्हणजे ठरलंच.

"ती माझ्या गाडीत बसेल," मी म्हणालो. "मी ब्रेक दुरुस्त करतोय."

डेल्मर बराच वेळ कॉफी ढवळत राहिला. तो कॉफीत साखर घालत नाही. मग म्हणाला, "हं. तसंही करता येईल."

आता तुम्हाला वाटेल, यात काय एवढं? पण आमच्याकडे कुणी कुणाला 'तू चुकतोयस' म्हणत नाही. तसं म्हणायची वेळ आली तर माणूस हवामानावर बोलतो. 'तसंही करता येईल' याहून कडक शिवी आमच्या काउंटीत नाही. मार्लिसने तेवढ्यात विषय बदलला आणि मी जाऊन भंगारवाल्याला फोन केला.

भंगारात विजेवर चालणारी एक आपटलेली गाडी आली होती. तिचा ब्रेक बूस्टर मी काढून आणला. पावाच्या लादीएवढा डबा, आत मोटर. आपण पेडल नुसतं टेकवायचं, बाकीचा जोर मोटर लावते. इंजिनाच्या ओढीची भानगडच नाही, बॅटरीची वीज मिळाली की झालं. आणि वीज म्हटलं की मी आलोच! दोन दिवसांत बसवला. बॅटरीपासून अंगठ्याएवढी जाड वायर नेली. फ्यूज घातला. राहिलं अर्थिंग.

वीज जशी येते तशी तिला परतही जावं लागतं. मोटारीत ती पत्र्यातून परत जाते, म्हणून परतीच्या वायरचं टोक नागड्या लोखंडाला घट्ट भिडलं पाहिजे. हे मी दोन डझन शिकाऊ वायरमनना घोकून घ्यायला लावलंय. पण बोल्टची जागा नेमकी त्या आरशासारख्या निळ्या पत्र्यावर होती. मी रंग खरवडायला पटाशी हातात घेतली, पत्र्यात माझंच तोंड दिसलं आणि मला धीर होईना. मनात म्हटलं, बोल्टचे आटे आतून लोखंडाला लागतातच की. नुसता तेवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक. पण वायरच्या टोकाने रंगावर वळ उठू नये म्हणून मी खाली नायलॉनची पातळ चकती घातली. हो, वायरमनने! हसा. आणि तो बोल्ट असा देखणा बसला की रेडिएटरचा पंखा, हेडलाइट, रेडिओ आणि पेट्रोलचा काटा यांच्या परतीच्या वायरीही मी त्यालाच जोडून टाकल्या.

पहिल्या दिवशी ब्रेक लोण्यासारखे लागले. डेल्मर येऊन बॉनेटखाली बघून गेला आणि हवामानावर बोलला. दुसऱ्या दिवशी धान्याच्या कोठारापाशी पेडल एकदम दगड झालं आणि मी थांबायच्या पाटीपुढे वीस फूट जाऊन थांबलो. परत आलो, पेडल पुन्हा मऊ. शिवाय एक चमत्कार सुरू झाला. ब्रेक दाबला की पेट्रोलचा काटा वर चढायचा. अर्धी टाकी असली की ब्रेक दाबून पूर्ण! पहिले दोन दिवस तर मला ती सोयच वाटली.

मग मी बिघाड शोधायला लागलो. फ्यूज बदलला. बॅटरी बदलली. ब्रेकचं तेल तीनदा काढून तीनदा भरलं. पेडलमागचा दांडा अर्धा आटा लांब केला, मग अर्धा आटा आखूड. मीटर लावला, तर मीटर म्हणतो सगळं ठीक. मीटरला इवलीशी वीज पुरते हो. आट्याच्या कुठल्यातरी कडेवरून ती पलीकडे जात होती. मोठा प्रवाह आला की मात्र दारातच अडायचा. हे मला आज कळतं. तेव्हा मी दुसरा मीटर विकत आणला.

शेवटी इंटरनेटवरच्या जुन्या गाड्यांच्या मंडळात बोल्टचा फोटो टाकून विचारलं, काय चुकतंय? दोनशे चौदा लोकांनी उत्तर दिलं. दोनशे तेरा जणांनी विचारलं की हा निळा नेमका कुठला. एकाने लिहिलं, 'रंगावर अर्थिंग केलंयस. खरवड.' तो न्यू जर्सीचा होता. ना नमस्कार, ना चमत्कार, ना 'गाडी छान आहे'! असल्या उद्धट माणसाचं काय ऐकायचं? मी त्याला ब्लॉक केलं आणि बाकीच्या दोनशे तेरा जणांना रंगाचा नंबर कळवला.

एप्रिलमध्ये मी लाइलला बोलावलं. लाइल शाळेत कार्यशाळेचा तास घ्यायचा, सगळ्या गावाला पक्कड धरायला त्यानेच शिकवलं. त्याने बॉनेटखाली डोकं घातलं आणि पाच मिनिटं त्या बोल्टकडे बघत राहिला.

"रंग फार सुंदर आहे," तो म्हणाला.

"सहा हात," मी म्हणालो.

"हो ना. आणि सगळीकडे आहे. अगदी... सगळीकडे." त्याने बोल्टवर बोट टेकवलं. "इथे खालीसुद्धा असेल, नाही?"

"म्हणजे काय! तिथेही सहाच हात."

लाइलने मान डोलावली. "ती पांढरी चकतीही वेगळीच आहे हं," असं म्हणून तो पावसाळी ढगांबद्दल बोलायला लागला, केळ्याच्या ब्रेडचे दोन तुकडे खाऊन घरी गेला. मला इतकं बरं वाटलं! लाइलसारख्या माणसाने कामाचं कौतुक केलं होतं.

जुलै संपत आला. पेडल कधी लोणी, कधी दगड. बिघाड सापडत नव्हता आणि मी मात्र कॉफीवर, चर्चमध्ये, पोस्टात सगळ्यांना सांगून बसलो होतो की मार्लिस निळ्या गाडीतून जाणार. मार्लिस 'हो' म्हणाली नव्हती, 'नाही'ही म्हणाली नव्हती. एका संध्याकाळी तिने लाइम जेलीचं थलथलतं सॅलड केलं, काचेच्या भांड्यात, कडेपर्यंत भरून. ते तिने निळ्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलं.

"हे चर्चला नेऊन परत आण," ती म्हणाली. "उतारावर तीनदा थांब. सीटवर एक थेंब सांडला नाही, तर बसेन."

"आणि सांडला तर?"

"तर सीट पुसावी लागेल," मार्लिस म्हणाली.

संध्याकाळचा गारवा होता. पहिल्या थांब्याला ब्रेक लागला. दुसऱ्याला लागला. तिसऱ्याला पेडल दगड झालं. चर्चच्या पायऱ्या समोर आल्या आणि मी हँडब्रेक हळूहळू, प्राण कंठाशी आणून ओढला. जेली थरथरली, पण राहिली भांड्यात. हँडब्रेकची तार मात्र कटकन वाजून सैल झाली, ती तशीच. घरी येऊन मी भांडं मार्लिसच्या हातात दिलं. तिने जेलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"ब्रेक लागले?"

"तिन्ही वेळा थांबलो," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं, एवढीच माझी अक्कल. त्या रात्री मला झोप लागली नाही. सांगून टाकावं असं दहादा वाटलं. पण सांगितलं असतं तर ती डेल्मरच्या गाडीत गेली असती आणि ते दृश्य माझ्याने बघवलं नसतं.

मिरवणुकीचा दिवस कडकडीत उन्हाचा उजाडला. आमची मिरवणूक इतकी छोटी की ती गावाला दोन फेऱ्या मारते, म्हणजे कुणाची चुकायला नको. पुढे शाळेचा बँड, मग नॉर्बर्टचा ट्रॅक्टर, त्यामागे ट्रॉलीवर चर्चच्या दहा बायका मोठ्या किटलीतून कॉफी वाटत, मग आम्ही, आमच्यामागे डेल्मर, उत्सवासाठी निवडलेल्या मक्याच्या राणीला घेऊन. मार्लिस मागच्या सीटच्या पाठीवर बसली होती. अंगावर मानाचा पट्टा, मांडीवर गोळ्या-चॉकलेटांची बादली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. "मार्लिस! मार्लिस!" मोठमोठे बाप्ये तिला हाका मारत होते आणि ती त्यांना नावानिशी ओळखून नेमकं त्यांच्याच पोरांच्या ओंजळीत चॉकलेट टाकत होती. मी आरशात बघितलं. ती हसत होती, माझ्या गाडीत बसून. माझे डोळे भरून आले, खरं सांगतो.

तेवढ्यात उतार लागला आणि पंखा सुरू झाला.

इतके दिवस तो पंखा या खेळात नव्हताच. पण चालायच्या वेगाने, कडक उन्हात, ते दणदणीत इंजिन तापलं. हेडलाइट मी मिरवणूक म्हणून लावलेच होते, रेडिओवर गाणी चालू होती. सगळ्यांची परतीची वाट एकच, तो नायलॉनवर बसलेला बोल्ट! मी ब्रेक दाबला. पेडल दगड. पेट्रोलचा काटा टकन पूर्णावर. हँडब्रेक ओढला, तो अख्खा दांडा माझ्या मांडीवर येऊन पडला.

मी दोन्ही पायांनी पेडलवर उभा राहिलो. तरी गाडी गुळगुळीतपणे पुढे सरकली आणि नॉर्बर्टच्या ट्रॉलीला मागून टेकली. टक.

आता नॉर्बर्ट म्हणजे आमच्या काउंटीतला सगळ्यात सभ्य माणूस. तो दारालासुद्धा आधी तुम्ही म्हणेल. त्याने मागे वळून पाहिलं आणि त्याचा चेहरा शरमेने लाल झाला. "माफ कर वेंडल, मी रेंगाळतोय का?" असं ओरडून त्याने ट्रॅक्टरचा वेग वाढवला.

"नाही नाही, सावकाश!" मी म्हणालो. पण गाडी उताराला होती, ती पुन्हा टेकली. टक.

"माफ कर!" नॉर्बर्टने आणखी वाढवला. ट्रॉलीवरच्या बायकांनी किटली मिठीत धरली. पुढे बँडच्या मास्तरीणबाईंना मागून ट्रॅक्टर येताना दिसला, त्यांनी काठी जोरात फिरवायला सुरुवात केली आणि सगळा बँड संथ चाल सोडून पळत वाजवायला लागला. ट्रॉम्बोनवाल्यांचे हाल बघवत नव्हते. दोन्ही बाजूंचे लोक टाळ्या वाजवून जेमतेम हात खाली आणतायत तोवर आम्ही गेलेलो! गोळ्या फेकायला वेळ मिळेना म्हणून मार्लिसने ओंजळ सोडून बादलीच उपडी केली. आणि मागे डेल्मर, त्याचे ब्रेक उत्तम, पण मिरवणुकीत अंतर पडू द्यायचं नाही असा नियम, म्हणून तोही राणीसकट धावतोय.

उताराच्या टोकाला मिरवणूक डावीकडे वळते. सरळ गेलं तर बोटींची उतरंड आणि तळं. बँड वळला. नॉर्बर्ट एका चाकावर म्हणावं तसा वळला. आमच्यासमोर पाणी चमकायला लागलं.

"वेंडल," मागून मार्लिसचा आवाज आला. अगदी शांत. "ब्रेक चालत नाहीयेत ना?"

"चालतायत. थोडे कमी—"

"टाकी भरलेली दिसतेय." ती पट्टा सावरत सीटवरून घसरत पुढे आली आणि माझ्या शेजारी बसली. "काय काय चालू आहे?"

"कशाचं?"

"शाळेत भांडी धुवायचं मशीन आणि भट्टी एकदम लावली की दोन्ही रुसायची. मी एक बंद करायची. काय काय चालू आहे, वेंडल?"

"पंखा... दिवे... रेडिओ—"

तिने खटाखट तिन्ही बटणं बंद केली. बूस्टरला एकदम जाग आली. पण मी दोन्ही पायांनी, दोनशे दहा पौंडांनिशी पेडलवर उभा होतो! गाडी जागच्या जागी थिजली. माझं नाक हॉर्नवर आपटलं आणि हॉर्न जो अडकला तो वाजतच राहिला. पुढची चाकं उतरंडीच्या पहिल्या फळीवर होती. मार्लिसने एका हाताने डॅशबोर्ड धरला होता आणि दुसऱ्या हाताने माझी कॉलर.

लोक जमले. हॉर्नची वायर लाइलने काढली. आता कुणीतरी काहीतरी बोलेल म्हणून मी मान खाली घालून बसलो.

"छान झाली मिरवणूक," कुणीतरी म्हणालं. "आटोपशीर."

"ऊनही फार होतं. लवकर झाली ते बरंच झालं."

नॉर्बर्ट घाम पुसत आला. "चूक माझीच, वेंडल. मी वाटेत होतो."

"रंगाला मात्र काही झालं नाही," लाइल म्हणाला.

मार्लिस गाडीतून उतरली. मानाचा पट्टा नीट केला आणि आमच्या गावात कुणी कधी करत नाही ते तिने केलं. तिने सरळ प्रश्न विचारला. "लाइल, काय बिघडलंय हिचं?"

लाइल आपले बूट बघायला लागला. "तसं म्हटलं तर... रंग जरा सगळीकडेच—"

"लाइल."

"बोल्टखाली रंग आहे," लाइल एका दमात म्हणाला. "आणि वर नायलॉनची चकती. वीज परत जायला वाटच नाही."

"तुला कधीपासून माहितीये?"

"एप्रिलपासून."

"मला मार्चपासून," डेल्मर मागून म्हणाला आणि लगेच त्याला ते म्हटल्याचं वाईट वाटलं.

"मग सांगितलं का नाहीत?"

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. आजारी माणसाकडे पाहतात तसं. "त्याला बरं वाटलं नसतं," लाइल म्हणाला.

मार्लिस चर्चच्या ट्रॉलीकडे गेली आणि केक कापायची सुरी घेऊन आली. मी बॉनेट उघडलं. तिने बोल्ट काढायला लावला, चकती उचलून माझ्या हातावर ठेवली आणि सुरी पत्र्याला लावली. तो आवाज मला अजून ऐकू येतो. सहा हात निळ्याचे आणि दोन लकाकीचे, एकामागून एक गेले आणि खाली नाण्याएवढं पांढरंधोप लोखंड उघडं पडलं. मी तळ्याकडे तोंड करून उभा होतो. कुणीतरी माझ्या हातात कॉफी दिली.

बोल्ट पुन्हा आवळला. पंखा लावला, दिवे लावले, रेडिओ लावला. पेडल लोणी. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर, जिथे असायला हवा तिथे.

लोक पांगले, बँड दम खात होता. मी हळूच म्हणालो, "मार्लिस, तुला एक सांगायचंय. जेलीच्या दिवशी तिसऱ्या वेळी मी हँडब्रेक..."

"माहितीये," ती सुरी पुसत म्हणाली. "मी जेलीखाली तेल लावलं नव्हतं, तरी ती एका बाजूने सुटली होती. पेडलच्या ब्रेकने तशी सुटत नाही."

"म्हणजे ब्रेक नाहीत हे तुला ठाऊक होतं?"

"होतं की."

"मग बसलीस कशाला गाडीत? तळ्यात गेलो असतो!"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच काहीतरी विचित्र बोललोय. "तू सगळ्या गावाला सांगून बसला होतास. नाही म्हटलं असतं, तर तुला बरं वाटलं नसतं."

मी दार उघडून धरलं, म्हटलं, बस, अजून दुसरी फेरी राहिलीये.

ती बसली. स्टिअरिंगमागे. सीट पुढे ओढली, आरसा वळवला आणि रिकामी बादली माझ्या हातात देऊन म्हणाली, "तू मागे बस, वर."

तेव्हापासून ती निळ्या गाडीत बसते. दर गुरुवारी गोधड्या शिवायला चर्चमध्ये जाते, दर रविवारी तळ्याकाठी जाते, ट्रॉलीवरच्या दोन-चार मैत्रिणी बरोबर असतात. ब्रेक फार छान लागतात म्हणे. जागा उरली तर मलाही नेते.